पाचवे शील आणि मेंदूतील विद्युत्

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत वर्षानुवर्षे हातभट्टीची पिणारा एखादा गृहस्थ विहारात सर्वांसमक्ष पाचवे शील घेतो आणि त्याच दिवसापासून दारू सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, झोप उडते, भिंतीवर नसलेले किडे दिसतात. एखाद्याला झटकाही येतो. मग गावात निदान होते की, अंगात काही शिरले अथवा मन कच्चे निघाले. वस्तुतः हा मेंदूतील विद्युत्-व्यापाराचा बिघाड होय.

मेंदूतील पेशींचा व्यवहार अत्यल्प विद्युत्दाबाने चालतो. तो दाब डोक्याच्या त्वचेवरून टिपता येतो, हे हान्स बर्गर या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९२९ साली प्रसिद्ध केले. या आलेखास ई.ई.जी. म्हणतात. दारू ही पेशींना शांतविणाऱ्या 'गाबा' या रसायनाचे कार्य वाढविते व उत्तेजक ग्लुटामेटचे दडपते. नित्य पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून घेतो. दारू एकाएकी थांबली की दडपण जाते, उत्तेजना तेवढी शिल्लक राहते. झटके बहुधा ६ ते ४८ तासांत येतात. भ्रम दोन ते चार दिवसांत होतो आणि तो प्राणघातकही ठरू शकतो.

दुसरी एक गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. एकसारख्या आवाजांत मध्येच निराळा आवाज ऐकविला असता सुमारे ३०० मिलिसेकंदांनी आलेखात एक उंचवटा उमटतो. त्यास पी-३०० म्हणतात. मद्यासक्तांत तो ठेंगणा आढळतो. हा दारूचाच परिणाम, असे कोणीही म्हणेल. परंतु १९८४ साली अमेरिकेत हेन्री बेग्लायटर, बर्निस पोर्जेस व सहकाऱ्यांनी मद्यासक्त पित्यांच्या, स्वतः कधी न प्यालेल्या मुलांची तपासणी केली. तो त्यांच्यातही ठेंगणाच आढळला! बेंगळूरच्या निम्हान्समध्ये विवेक बेनेगल व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असेच दाखविले: कुटुंबातील जोखीम जितकी अधिक, तितका उंचवटा कमी.

यावरून अमक्याचा मुलगा पिणारच, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. हा उंचवटा इतर विकारांतही कमी असतो, आणि जोखीम म्हणजे विधिलिखित नव्हे. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणे आपण नाकारले आहे. तेच आता आलेखाच्या आधारे करू नये. अशा मुलाला पहिल्या पेल्यापासून दूर ठेवणे मात्र इतरांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाच्या सहा दुष्परिणामांत धनहानी व कलहासोबत प्रज्ञेचे दौर्बल्यही सांगितले आहे, ते येथे आठवते.

शील घेऊ इच्छिणाऱ्यास विहार समितीने आधी विचारावे: किती वर्षे पितो, रोज किती, पूर्वी सोडताना झटका आला होता काय? रोज भरपूर पिणाऱ्याने दारू बंद करण्यापूर्वी नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञास दाखवावे. तेथे डायझेपामसारखे औषध काही दिवस देऊन हळूहळू कमी केले जाते व थायमिन हे जीवनसत्त्व दिले जाते. झटका आल्यास अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.