घरगुती मत्स्यालयासाठी नैसर्गिक लाकूड : निवड आणि पूर्वतयारी

शोभिवंत माशांचे संगोपन हा अल्प जागेत करता येणारा जोडव्यवसाय म्हणून अनेक राज्यांत रुजत आहे. माशांच्या जोडीने पाणवनस्पती, दगड आणि सजावटीचे लाकूड यांनाही मागणी असते. पाण्याने व उन्हाने झिजलेले, वेड्यावाकड्या आकाराचे लाकूड बाजारात ‘ड्रिफ्टवुड’ या नावाने विकले जाते. शेताच्या बांधावर पडलेला वाळका बुंधाही योग्य तयारीनंतर हेच काम करू शकतो. मात्र तयारी न करता टाकीत ठेवलेल्या लाकडामुळे मासे दगावतात, तेव्हा दोष बहुधा पाण्याला किंवा माशांना दिला जातो आणि लाकडाकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी व संगोपकांनी या विषयाची शास्त्रीय बाजू जाणून घेणे आवश्यक आहे.

लाकडाचे टाकीतील कार्य

लाकडाच्या पृष्ठभागावर उपयुक्त जिवाणूंचा व सूक्ष्मजीवांचा पातळ थर वाढतो. कोळंबी, गोगलगायी आणि तळाशी राहणारे मासे त्यावर चरतात. ‘प्लेको’ गटातील काही मासे लाकूडच खरवडून खातात. भित्र्या माशांना आडोसा मिळतो, तर एंजल मासा उभ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर अंडी घालतो. अनुबियास, जावा फर्न व जावा मॉस या वनस्पती मातीविना लाकडावरच वाढतात.

लाकडातून टॅनिन व ह्युमिक द्रव्ये पाण्यात उतरतात. त्यामुळे पाण्याला चहासारखा रंग येतो आणि सामू काहीसा घटतो. ही घट पाण्यातील बायकार्बोनेटवर अवलंबून असते. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींच्या कठीण पाण्यात ती जेमतेम जाणवते; पावसाच्या किंवा जांभ्या खडकातील मृदू पाण्यात मात्र ती स्पष्ट दिसते. टेट्रा, डिस्कस यांसारख्या मृदू पाण्यातील माशांना असे पाणी मानवते. गप्पी व मोली यांना कठीण, किंचित अल्कधर्मी पाणी हवे असल्याने त्यांच्या टाकीत लाकूड मर्यादित ठेवावे.

निवडीचे निकष

लाकूड कठीण, जड, पूर्ण वाळलेले आणि चीक अथवा राळ नसलेले असावे. नख किंवा चाकूचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतल्यास लाकूड कुजलेले समजावे. आंबूस, तेलकट किंवा औषधी वास येणारे लाकूड घेऊ नये. बांधावरील पेरूच्या वाळक्या फांद्या कठीण व सुबक वळणाच्या असल्याने या कामी चांगल्या ठरतात.

पुढील लाकडे कटाक्षाने टाळावीत :

- देवदार, चीड, कापूर व निलगिरी : यांत राळ किंवा सुगंधी तेले असतात.
- शेर, कण्हेर, करंज, गेळा व कडुनिंब : यांतील द्रव्ये जलचरांना विषारी ठरतात. यांपैकी काहींचा मासे गुंगवण्यासाठी पारंपरिक वापर होत आला आहे.
- ओली, हिरवी फांदी व बांबू : पाण्यात लवकर कुजतात.
- प्लायवूड, रंगवलेले किंवा वाळवीरोधक रसायन लावलेले लाकूड.

द्राक्षबागायतदारांनी एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. जुन्या वेलींची पिळदार खोडे दिसायला अत्यंत आकर्षक असतात. परंतु त्यांच्यावर वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण व अन्य बुरशीनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात. बोर्डो मिश्रणातील तांबे मासे, कोळंबी व गोगलगायींना घातक असते आणि उकळल्याने त्याचा नाश होत नाही. डाळिंबाच्या खोडांनाही हेच लागू पडते. फवारणीखालील बागेतील लाकूड मत्स्यालयासाठी वापरू नये, विकूही नये.

कायद्याची बाजू

नदीकाठी सापडलेले लाकूड कोणीही उचलावे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४५ नुसार वाहत आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, शासनाच्या मालकीचे मानले जाते. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून काहीही उचलणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते. खारफुटीच्या लाकडाला हात लावू नये. विक्रीसाठी लाकूड गोळा करणाऱ्या बचत गटांनी स्वतःच्या शेतातील लाकूडच वापरावे. अन्यत्र वनविभागाकडे आधी चौकशी करावी.

पूर्वतयारीचे टप्पे

१. साल पूर्णपणे सोलून काढावी. तिच्याखाली कीटक व अंडी असतात आणि तीच सर्वांत आधी कुजते. मऊ भाग चाकूने कोरून टाकावा.

२. ताठ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासावे. साबण, डिटर्जंट किंवा फिनाईल वापरू नये; सच्छिद्र लाकूड ही द्रव्ये शोषून घेते व पुढे टाकीत सोडते.

३. भांड्यात मावणारे लाकूड एक ते दोन तास उकळावे. उकळल्याने कीटक व बहुतेक बुरशी मरते, टॅनिन लवकर उतरते आणि आतील हवा निघून लाकूड बुडण्यास मदत होते. फार वेळ उकळल्यास तंतू सैल होतात. मोठ्या ओंडक्यावर उकळते पाणी अनेकदा ओतावे. हे भांडे पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नये.

४. त्यानंतर लाकूड पिंपात बुडवून ठेवावे व पाणी एक-दोन दिवसांआड बदलावे. पाण्याचा रंग फिका होईपर्यंत हे चालू ठेवावे. त्यास एक ते कित्येक आठवडे लागतात. समुद्रकिनारी राहिलेल्या लाकडातील मीठ निघण्यास याहून अधिक काळ द्यावा.

५. शेवटी चाचणी घ्यावी. एकाच स्रोताच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून एकीत लाकूड ठेवावे. तीन दिवसांनी दोन्हींचा सामू मोजावा. मोठी तफावत, तेलाचा तवंग किंवा दुर्गंधी आढळल्यास लाकूड टाकीत नेऊ नये.

मांडणी

तरंगणारे लाकूड नायलॉनच्या दोऱ्याने दगडाला बांधावे. हा दगड बेसाल्ट, ग्रॅनाइट किंवा पाटीचा असावा. घरात सहज मिळणारे कडप्पा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे चुनखडकाचे असल्याने ते पाण्याची कठिणता वाढवतात. लाकूड काचेला टेकवू नये. फुगल्यावर काचेवर ताण येऊ शकतो. ६० × ३० × ३० सेंटीमीटरच्या, म्हणजे सुमारे ५४ लिटरच्या टाकीत लाकडाने तळाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापू नये; माशांना पोहण्यास जागा हवी.

नेहमीच्या अडचणी

पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा, बुळबुळीत थर येतो. तो बुरशी व जिवाणूंचा असून सहसा निरुपद्रवी असतो. ब्रशने काढल्यास तो हळूहळू कमी होतो. पाण्याचा रंग नको असल्यास गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा. लाकूड काळे व मऊ पडून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागल्यास ते तत्काळ बाहेर काढून पाणी अंशतः बदलावे. आजारी माशांवर औषधोपचार वेगळ्या टाकीत करावा, कारण लाकूड औषधातील तांबे व रंगद्रव्येही शोषून घेते.

सारांश, चांगल्या लाकडाचे मोल त्याच्या आकारात जितके आहे तितकेच ते कोठून आले, त्यावर काय फवारले गेले आणि ते किती काळ भिजवले गेले यांत आहे. विक्रेत्याने ग्राहकाला लाकडाची जात, त्याचा स्रोत व केलेली प्रक्रिया लिहून द्यावी. त्याने माशांचे प्राण वाचतील आणि या छोट्या व्यवसायावरील विश्वासही टिकेल.