तलावावरचं विंडसर्फिंग

समुद्र नाही म्हणून जालनेकरांनी विंडसर्फिंगचा नाद सोडायचं कारण नाही. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत या खेळात कांस्यपदक मिळवणारा इबाद अली भोपाळच्या मोठ्या तलावावर घडला.

समोरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही. सुमारे 45 अंशांचा कोन राखत नागमोडी चढावं लागतं. शीड मागे कललं की फळीचं तोंड वाऱ्याकडे वळतं, पुढे कललं की वाऱ्यापासून दूर.

शर्यतीत खरा कस सुरुवातीला लागतो. पाच मिनिटं आधी इशाऱ्याचा झेंडा, चार मिनिटं आधी तयारीचा. शेवटच्या मिनिटाला तयारीचा उतरतो. वेळेआधी रेषा ओलांडली की मागे फिरा! नवख्याने गर्दीत न घुसता मोकळी जागा धरावी, हेच शहाणपणाचं. डावीकडून वारा घेणाऱ्याने उजवीकडून घेणाऱ्याला वाट द्यायची. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2. सर्वांत कमी गुणांचा तो विजेता.

घाणेवाडीचा तलाव जालन्याच्या पिण्याच्या पाण्याचा आणि पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य. तिथे परवानगीशिवाय फळी उतरवू नका. शिकायचं तर गोवा गाठा, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच.