विचार उभ्याने, शॉट वाकून
क्रिकेटमध्ये तेज गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. घाबरायलाही सवड नसते. पूल या टेबलावरच्या खेळात बॉल कापडावर निवांत पडलेला असतो, प्रतिस्पर्धी खुर्चीत बसलेला असतो आणि घाई कुणालाच नसते. खरी पंचाईत हीच. मनाला लुडबूड करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

ही लुडबूड किती महागात पडते, ते भूमितीच सांगते. पूलच्या बॉलचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर. पांढरा बॉल आणि समोरचा बॉल यांत मीटरभर अंतर असेल, तर अगदी सरळ शॉटमध्येही पांढऱ्याच्या दिशेतली चूक समोरच्या बॉलमध्ये साधारण १७ पट होऊन उतरते. नेम एका अंशाच्या दहाव्या भागाने ढळला, तर आणखी मीटरभर लांब असलेल्या पॉकेटपाशी बॉल तीन सेंटिमीटर बाजूला पोचतो. पॉकेटचं तोंड बॉलच्या जेमतेम दुप्पट, त्यामुळे एवढी चूक कशीबशी खपते. चूक याच्या दुप्पट झाली की बॉल कडेला आपटून परत. क्यूवरची, म्हणजे काठीवरची, मूठ जराशी आवळली गेली तरी एवढं सहज घडतं. शिवाय क्यूचं टोक बॉलला एक-दोन मिलिसेकंदच टेकतं. मधेच हात सावरून घेण्याची सोय नाही.

चारचौघांनी बघितल्याने काय होतं, हे अमेरिकेतले संशोधक जेम्स मायकेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कॉलेजच्या पूल हॉलमध्ये तपासलं. आधी दुरून, खेळणाऱ्यांच्या नकळत शॉट मोजले. मग चौघं जण टेबलाला खेटून उभे राहिले. १९८२ साली निष्कर्ष छापून आले: चांगल्या खेळाडूंचे यशस्वी शॉट ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले, कच्च्यांचे ३६ वरून २५ वर घसरले. खेळाडू मोजकेच होते, त्यामुळे या आकड्यांवर फार भार टाकू नये.

आणि पट्टीच्या खेळाडूंचाही हात कधीतरी आखडतोच. पूलचं भावंड असलेल्या स्नूकरमधलं १९८५चं उदाहरण प्रसिद्ध आहे. शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये जागतिक अंतिम सामना सुरू होता. गतविजेता स्टीव्ह डेव्हिस एका टप्प्यावर ८-० ने पुढे होता. मध्यरात्र उलटली तेव्हा डेनिस टेलरशी १७-१७ अशी बरोबरी झालेली, आणि ३५व्या, निर्णायक फ्रेममध्ये (डावात) टेबलावर फक्त काळा बॉल उरलेला. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. डेव्हिसला काळा पॉट करायची संधी मिळाली आणि ती हुकली. पुढच्याच शॉटला टेलर जगज्जेता झाला. पूर्ण सामन्यात तो पहिल्यांदाच आघाडीवर आला, तोही शेवटच्या बॉलवर.

डेव्हिसच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं, ते आपण सांगू शकत नाही. पण सीअन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गोल्फपटूंवर केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या फटक्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. कानावर पडणाऱ्या आवाजांकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा तो त्याहून चांगला झाला. त्याच अभ्यासातल्या फुटबॉलच्या प्रयोगात नवशिक्यांचं मात्र उलट झालं. अंगवळणी पडलेल्या हालचालीवर मनाने पहारा बसवला की तिचे सांधे सुटतात. म्हणून कोपर आणि पकड यांची दुरुस्ती सरावात करावी, चालू फ्रेममध्ये नाही.

मग लक्ष ठेवायचं कुठे? त्याच वर्षी मार्क विल्यम्स यांनी (हे शास्त्रज्ञ, स्नूकरवाले वेगळे) बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. तरबेज खेळाडूंची नजर शॉटपूर्वी शेवटी जिथे ठरते, तिथे ती जास्त वेळ टिकते. यशस्वी शॉटमध्ये तर आणखी. शॉटला मिळणारा वेळ कमी केला की ही ठरलेली नजरही तुटते आणि नेमही.

व्यवहारात याचा अर्थ असा: कुठलं पॉकेट, किती जोर, पांढरा कुठे थांबवायचा, हे सगळं चॉक लावताना उभ्यानेच ठरवायचं. वाकल्यावर दोन-तीनदा क्यू पुढेमागे, एक थांबा, नजर समोरच्या बॉलवर, आणि शॉट. वाकल्यावर शंका आली तर तशाच अवस्थेत नेम बदलायचा नाही. सरळ उठून उभं राहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हे सांगायला सोपं आहे. पार्लरचं बिल तासावर चढत असताना आणि मागे मित्र खिदळत असताना उठायला जिवावर येतं.

दडपणाचीही तालीम करता येते. रोजच्या सरावातल्या शेवटच्या बॉलवर सगळ्यांच्या चहाचं बिल लावून बघा. रक्कम किरकोळ असली तरी मूठ आवळते की नाही, ते तिथल्या तिथे कळतं.