मुलतानी मातीचा लेप

कार्तिक सरत आला की वृंदावनाच्या कोनाड्याखाली तेलाचा ओघळ दिसू लागतो. पणती रोज लागते, रोज थोडी सांडते. काळ्या पाषाणाला त्याचं काही वाटत नाही, उलट तुकतुकी येते. आमच्या अंगणातलं वृंदावन पांढऱ्या संगमरवराचं, त्यामुळे सगळं उघड्यावर.

पहिल्यांदा मी संडास धुवायचं ॲसिड ओतलं. चर्र आवाज झाला, फेस आला. पुसून बघतो तर डाग जागच्या जागी आणि भोवतीची झिलई गेलेली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; आम्ल लागलं की दगडच विरघळतो. लिंबू-चिंच त्याच जातीची. चिंचेनं तांब्याची भांडी लखलखतात म्हणून काही ती दगडाला लावायची नसते.

तेल दगडावर नसतंच मुळी, दगडाच्या आत असतं. घासून ते निघणार कसं? ते ओढून बाहेर काढावं लागतं, आणि या कामाला मुलतानी मातीसारखी दुसरी माती नाही. पूर्वी लोकरीतलं तेल काढायला अशीच माती वापरत. तेलाच्या डागासाठी ती पाण्यात नाही, टर्पेंटाइनमध्ये कालवायची, श्रीखंडाइतकी घट्ट. डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असा, अर्धं बोट जाडीचा थर द्यायचा. वर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी. एक दिवस तसंच. मग प्लास्टिक काढून लेप सुकू द्यायचा. (लेप असेपर्यंत पणती लावायची नाही. टर्पेंटाइन पेट घेतं.)

आधी टर्पेंटाइन दगडात शिरून तेल सैल करतं. प्लास्टिक निघालं की टर्पेंटाइन मातीच्या बाहेरच्या अंगानं उडू लागतं आणि आतलं तेल मातीत ओढलं जातं. सुकलेल्या लेपाला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. पापुद्रा उलटा करून बघावा: दगडाकडची बाजू पिवळट, तेलकट. डाग तिथे आलेला असतो. जुन्या डागाला असे तीन-चार लेप लागतात. हळदीच्या डागाला मात्र माझ्या मते काहीच करू नये. तो ऊनच खाऊन टाकतं.

ताजमहालालाही हाच उपचार. धूळ आणि काजळीनं पिवळा पडलेला संगमरवर उजळायला पुरातत्त्व खात्यानं 1994, 2001 आणि 2008 साली मुलतानी मातीचे लेप दिले. माती सुकली की मऊ ब्रशनं काढायची आणि शुद्ध पाण्यानं धुवायचं. पुढे यमुनेच्या घाण पाण्यात पैदास झालेल्या किड्यांच्या विष्ठेनं भिंतींवर हिरवे डाग पडले. ते पाण्यानं धुता येत, पण नदी तशीच राहिल्यानं किडे पुन्हा यायचे.

शेवाळाचंही तसंच. ते ओलं करून बांबूच्या चिपेनं खरवडावं, तारेच्या ब्रशनं कधीच नाही; पण कुंडीचं पाणी रोज त्याच भिंतीवर पाझरत असेल तर पुढच्या श्रावणात ते परत हजर. दगडफुलाला घाई चालत नाही. मसाल्यातल्या दगडफुलाचे हे भाऊबंद दगडाच्या रंध्रांत तंतू घालून बसतात. ओढलं की दगडाचे कणही सोबत येतात. आधी भिजवून मऊ करायचं, जेवढं निघेल तेवढंच काढायचं.

आमच्या कोनाड्यात तीन लेपांनंतरही फिकट सावली उरली आहे. पणतीखाली काही दिवस पितळी ताटली ठेवली, तर तिनं दगडावर हिरवट कडं उमटवलं. आता मातीचं जाडसर झाकण ठेवतो.