चाळीस तारा

नंदीदुर्गाच्या घाटात, जिथे बंगळूरहून भल्या पहाटे निघालेले सायकलस्वार वळणे मोजीत आणि धापा टाकीत वर जातात, तिथे एका तरुण प्रवाशाच्या मागच्या चाकाची तार ‘टण्’ आवाज करून तुटलेली आणि सामानाने लादलेले ते चाक ब्रेकला घासू लागताच त्याचा सारा उत्साह मावळलेला मी पाहिला, तेव्हापासून प्रवासवर्णनांपेक्षा चाकाविषयीच माझे कुतूहल वाढले. म्हणून माझी जुन्या घडणीची काळी सायकल घेऊन मी चिकपेटेजवळच्या एका गल्लीत, रबर सोल्यूशनच्या आणि ग्रीसच्या उग्र वासाने भरलेल्या दुकानात, एका वृद्ध मिस्त्रींपुढे जाऊन बसलो.

टायर-ट्यूब उतरली, छर्रे धुतले गेले, नव्या तारा ओवल्या गेल्या. मग सुरू झाले ते आउट काढण्याचे काम. भिंतीला ठोकलेल्या जुन्या फोर्कमध्ये चाक बसवून त्यांनी ते बोटाने फिरविले, खडूचा तुकडा रिमेजवळ स्थिर धरला आणि जिथे पांढरा ठिपका उमटला तेथील तारेच्या निपलास चावीने जेमतेम पाव फेरा दिला. मध्येच ते तारा नखाने छेडीत व मान किंचित तिरकी करून ऐकत. पुरे झाले असे मला तरी वाटले, परंतु ते म्हणाले, “नक्को साब, अब्बी नक्को. चालीस हैं.” पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्याला चाळीस, ही या सायकलींची जुनी वाटणी, कारण स्वार आणि सामान यांचा अधिक भार मागेच पडतो.

तार बहुधा मध्येच तुटत नाही. हबच्या छिद्रातून ती जिथे वाकून निघते, त्या बाकाशी तुटते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जमिनीकडे आलेल्या तारेचा ताण क्षणभर उतरतो व पुन्हा चढतो. माझ्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर नंदीपर्यंतच्या सुमारे ६० किलोमीटरांत ही उतरचढ २७ हजार वेळा घडते. ताण असमान असेल तर काही तारा आपल्या वाट्याहून अधिक सोसतात.

उष्ण कटिबंधातील प्रवास म्हणून ज्याची धास्ती घ्यावी, तो येथे समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरच सुरू होतो आणि १४७८ मीटरांच्या नंदीवर धुक्यात संपतो, त्यामुळे उन्हाची तक्रार फारशी चालत नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या या मुलखातून आता हौशी लोक दूरदूरच्या मजला मारतात, आणि त्यांचे कौतुक व्हावे यात गैर काही नाही. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी तिघांनी १९२८ मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणा पुरी केली, त्यांचीही नावे इतिहासात राहिली. त्यांच्या चाकांचा आउट कोणी कोणी काढला, याची नोंद मात्र माझ्या वाचनात नाही. कौतुकाची ही वाटणी मला तारांच्या वाटणीइतकी रास्त वाटत नाही.

मिस्त्रींना मी विचारले, नंदीला कधी गेलात का? “तिथेही वळणे चाळीसच म्हणतात ना?” एवढेच बोलून त्यांनी पुन्हा खडू उचलला. मजुरी चुकती केल्यावर त्यांनी कॅरिअरवरील पिशव्या हाताने तोलून पाहिल्या, डावी जड आहे म्हणून ती माझ्याकडून सोडवून घेतली, आणि नव्या तारा आधी जरा ढिलावतात, शंभर किलोमीटर झाल्यावर चाक पुन्हा दाखवा, असे बजावून ते ताटकळलेल्या गिऱ्हाइकाच्या पंक्चरकडे वळले.