डब्यावरील रंगांची भाषा

सांगणारा आपल्या मनातील अर्थ शब्दांत, चिन्हांत किंवा रंगांत बांधतो. ऐकणारा तो स्वतःच्या अनुभवानुसार उलगडतो. दोघांचा संकेत एक नसेल, तर निरोप पोहोचूनही अर्थ पोहोचत नाही. कीटकनाशकाच्या बाबतीत हे जिवावर बेतते.

कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये अशा डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या भागातील रंग विषाची तीव्रता दर्शवितो. तांबडा सर्वांत जहाल. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. तांबड्या रंगावर कवटी व हाडांचे चित्रही असते.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने हिरवे म्हणजे टवटवीत पीक. त्यामुळे हिरवा चौकोन पाहून ते द्रव्य निर्धोक आहे, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः तेही विषच होय. त्यास आपण ‘औषध’ म्हणतो, त्याने या भ्रमात भरच पडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान २० जण दगावले, हे विसरता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी ‘समजले का?’ असे विचारून थांबू नये. त्यास ‘होय’ हेच उत्तर मिळते. डबा हाती देऊन ‘हा रंग काय सांगतो? फवारताना काय काळजी घ्याल?’ असे विचारावे. शेतकरी बंधूंनीही आपल्या मजुरांस हेच विचारावे. कारण डबा विकत घेणारा एक आणि पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा दुसराच असतो. त्याच्या तोंडून योग्य उत्तर आले, म्हणजेच निरोप पोहोचला असे समजावे.