पळसाला पाने किती?

सहलीच्या आदल्या दिवशी तिसरीच्या पोरांना जंगलाचं चित्र काढायला सांगितलं. बहुतेकांनी सिंह काढला. सिंह गुजरात सोडून देशात कुठं मोकळा दिसत नाही. पण या पोरांनी जंगलच कुठं पाहिलंय? लातूर जिल्ह्यात ते एक टक्काही नाही.

म्हणून चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथचं बेट गाठलं. सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्र लागलं की औषधी वनस्पतींसाठी इथं लांबून माणसं येतात. "सर, बेट हाय तर पाणी कुठंय?" पहिलाच प्रश्न. आपल्याकडं बांबूचंही बेट असतं, एवढं सांगून पुढं निघालो.

नियम दोनच होते. तोंडात काही घालायचं नाही आणि ओरबाडायचं नाही.

पळसाशी थांबलो. "पानं मोजा." एका सुरात उत्तर आलं, "तीन!" म्हण सगळ्यांना पाठ. मी म्हटलं, एकच आहे. आरडाओरडा झाला. मग विचारलं, उसाचं बेणं लावताना घरी काय बघतात? "डोळा!" हे त्यांच्या रानातलं ज्ञान. मग इथं डोळा शोधा. फांदी न मोडता, वाकवून, बोटांनी चाचपत शोध सुरू झाला. देठ फांदीला जिथं जुळतो तिथं बारीक, लवदार डोळा सापडला. तिन्ही दलांच्या बुडाशी मात्र काहीच नाही. जिथं डोळा, तिथून पान. म्हणजे तिन्ही मिळून एक. पुस्तकात याला संयुक्त पान म्हणतात. तो शब्द मी सगळ्यात शेवटी सांगतो, कारण आधी सांगितला की पोरं झाडाकडं बघायचं सोडून वहीत लिहायला लागतात. या एका झाडापाशी तासभर गेला. बाकीची यादी राहिली, त्याचं मला वाईट वाटत नाही.

नांदेड जिल्ह्यात, किनवटकडं होतो तेव्हा उलटं होतं. तिथली पोरं सागाचं कोवळं पान चुरगाळून तळहात लाल करून दाखवायची. मोहाच्या दिवसांत पहाटे आईबरोबर फुलं वेचून मग शाळेत यायची. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत का उचलायची, हे मला त्यांनी शिकवलं. मी फक्त फळ्यावर लिहून घेत होतो.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी बेलाची डहाळी घेऊन आली. खाली पडलेलीच उचलली, हे तिनं आधी सांगितलं. मग देठाच्या बगलेतला काटा दाखवला आणि नखानं त्याच्या शेजारचा डोळा.